सव्वीस हुंकार

टपालाच्या थैलीवर बसू नये, हे त्या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि हा बाबा खुशाल बसला होता. भर सकाळी, जेटीच्या मधोमध, कानांवर काळा टोप चढवून, डोळे मिटून. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला करडं, केसाळ काहीतरी. ठमीला आधी वाटलं, यानं मांजरच बांधून आणलंय.

ठमी म्हणजे बेटाचं पोस्ट. शिक्के मारणारी तीच, दारोदार पत्रं पोचवणारी तीच, आणि मंगळवार-शुक्रवारची बोट लागली की थैली उचलायला धावणारीही तीच. पगाराच्या कागदावर तिचं चांगलं चार अक्षरी नाव होतं. पण आजोबांनी लहानपणी ठमी म्हटलं आणि बेटानं तेच धरून ठेवलं.

"अहो, उठा," ती म्हणाली.

तो ढिम्म.

"अहो, सरकारी टपाल आहे ते. लोकांची औषधं असतात त्यात, कागद असतात, चष्मे असतात. कुणाचा तरी चष्मा गेला असेल तुमच्या बुडाखाली…"

त्यानं डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं. "शू."

ठमी आ वासून बघत राहिली. तिला, पोस्टाला, भर जेटीवर कुणी शू म्हणतं? तिच्या उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. 

मिनिटभरानं त्यानं डोळे उघडले, टोप काढला आणि घाईघाईनं उठला. "माफ करा हं. बोटीचा दोरखंड करकरत होता. बोट ओढ घेते तेवढाच वेळ तो आवाज टिकतो."

"आणि मी इथे उभी राहून काय करत होते?"

"तुम्हीही आलात त्यात."

"कशात?"

काही कळायच्या आत त्यानं तो टोप तिच्या कानांवर ठेवला आणि खांद्यावरच्या यंत्राचं बटण दाबलं. आधी दोरखंडाची करकर आली, मग पाण्याची चुळबुळ, आणि मग एक बाई तावातावानं बोलायला लागली. कागद असतात, चष्मे असतात… ठमीनं टोप दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिनं आपला आवाज असा बाहेरून कधी ऐकलाच नव्हता.

"ही मी?"

"तुम्हीच."

"इतकी कजाग?"

"कजाग कुठे…" त्यानं खरंच विचार केल्यासारखं केलं. "चष्म्यापाशी तर जरा गोडच झालाय आवाज."

ठमीनं थैली उचलली आणि मागे न बघता चालू पडली. त्या दिवशी तिनं अकरा पत्रांवर आदल्या दिवसाचा शिक्का मारला.

दुपारी जेवायला घरी आली, तर हाच प्राणी ओसरीवर, तिच्या आजोबांच्या समोर, मांडी घालून. काठी, मांजर (ती माइकवरची केसाळ खोळ निघाली), यंत्र, सगळं लटांबर मांडलेलं. पलीकडच्या मोठ्या शहरात लोककथा जमवणारी एक कचेरी होती, तिथून त्याला धाडलं होतं. आजोबांकडच्या गोष्टी यंत्रात भरून न्यायच्या, महिन्याभरात. बेटानं संध्याकाळच्या आत त्याचं नाव कानवाला ठेवून टाकलं.

आता आजोबांविषयी सांगायला हवं. हयातभर त्यांनी होड्यांची शिडं शिवली. बोटं जाडजूड, सुई टोचून टोचून निबर झालेली. पण बेटावर त्यांना मान होता तो गोष्टींचा. त्यांच्याकडे एकशे सात गोष्टी होत्या, वडलांकडून आणि वडलांच्या वडलांकडून आलेल्या. दुसऱ्या कुणाकडे चार असतील, कुणाकडे सहा.

आणि या बेटावर गोष्ट हुंकाराशिवाय सांगतच नसत. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं वाक्यावाक्याला 'हूं' म्हणायचं. सगळीकडे लहान पोरं देतात तसा हा हुंकार नव्हे. इथे त्याची जोडी असे. एक हुंकार, एक तोंड. ज्याला तुम्ही हुंकार द्यायचा त्यालाच द्यायचा, बाकीच्यांच्या गोष्टी गप्प बसून ऐकायच्या. आजोबांचा हुंकार म्हणजे आजी. ती गेली आणि आजोबा तीन वर्षं मुके झाले. बोलत होते तसे, भाजी आणली का, दार लावलं का. पण गोष्ट म्हणून एक नाही. आई-वडील नोकरीसाठी पलीकडे राहायचे आणि ठमी आजोबांपाशी. नऊ वर्षांची होती. एका सकाळी आजोबा शिड शिवता शिवता स्वतःशीच पुटपुटले, "एका बाईनं समुद्राला दार लावून घेतलं…" आणि दाराआडून ठमी म्हणाली, "हूं."

तेव्हापासून ठमी त्यांचा हुंकार. पण एकशे सातांपैकी शेहेचाळीस गोष्टी आजोबांनी फक्त आजीलाच सांगितल्या होत्या. त्या ठमीनंही ऐकल्या नव्हत्या. कानवाल्याच्या यंत्रासाठी त्या सांगायला ते कबूल झाले, हे ऐकून ती चाटच पडली.

"त्या कशा काय सांगणार म्हणालात?" तिनं विचारलं.

"चौऱ्याऐंशी झाली मला, ठमे. परवा मीठ कुठे ठेवलं ते आठवेना. गोष्ट आठवेनाशी होण्याआधी सांगून टाकतो. आधी तुझ्या ओळखीच्या एकसष्ट. तोंड मोकळं झालं की मग तिच्या."

असं काम सुरू झालं. रोज सकाळी एक गोष्ट, दुपारी दोन. आजोबा सांगायचे, ठमी हुंकार द्यायची, कानवाला टोप चढवून डोळे मिटून बसायचा. तो स्वतः हूं का चूं करायचा नाही. एकदा कावळा ओरडला म्हणून त्यानं अख्खी गोष्ट थांबवली होती. खोकला आला तर अंगणात पळायचा. त्याची कचेरी म्हणे फार कडक; टेपवर जमवणाऱ्याचा आवाज आला की ती टेप बाद.

एका दुपारी तो पोस्टात आला. पोस्टाच्या मागच्या खोलीत बेटाचं वाचनालय होतं, म्हणजे एक कपाट आणि दोन खुर्च्या. ठमीनं कपाटातून जाडी वही काढून त्याच्यापुढे ठेवली. "पहिल्या ओळींची वही. बेटावरच्या प्रत्येक गोष्टीची पहिली ओळ लिहून ठेवलीय. दोनशे तीस आहेत."

तो वाचायला लागला. 'सात भाऊ एकाच होडीत जन्मले.' 'ज्या दिवशी विहिरीत मासेमारी सुरू झाली, त्या दिवशी सून माहेरी होती.' 'तिसरा नवरा मात्र खरंच बुडाला होता.' या शेवटच्या ओळीखाली तांबडी रेघ होती.

"पुढे?"

"पुढे माहीत नाही."

"म्हणजे?"

"सांगणारा गेला. हुंकार द्यायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलीच नाही. तांबडी रेघ म्हणजे संपली."

त्यानं पानं उलटली. तांबड्या रेघाच रेघा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आणि तुम्ही… लिहून का नाही ठेवलं कुणी सगळं?"

"लिहिलेल्याला हुंकार कोण देणार?"

 बराच वेळ तो त्या तिसऱ्या नवऱ्याकडेच बघत बसला. मग वही मिटून म्हणाला, "एक विचारू? तुमच्याकडे अकरा हुंकार आहेत."

"काय?"

"अकरा तऱ्हेचे. मी रोज ऐकतो ना परत परत. एक हूं म्हणजे 'पुढे व्हा'. एक म्हणजे 'काहीतरीच'. एक म्हणजे 'हे मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतंत'. असे दहा मला लागले. अकरावा लागत नाही."

"कुठला?"

"जो तुम्ही माझ्याकडे बघता तेव्हा येतो."

ठमीच्या हातातला शिक्का शाईच्या डबीत पालथा पडला. "मी कधी बघितलं तुमच्याकडे?"

"एकोणिसाव्या गोष्टीत. दोनदा."

"तुमचे तर डोळे मिटलेले असतात."

"ऐकू येतं," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन स्वतःच लालबुंद झाला. वही तशीच टाकून निघून गेला. ठमी मात्र बोटांना लागलेली शाई पुसायचंही विसरली.

तीन आठवडे असे गेले. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं ते दोघांनाही कळलं नाही. मंगळवारी एकसष्टावी गोष्ट संपली. उद्यापासून आजीच्या गोष्टी.

त्या दुपारी वारा पडला होता. कानवाल्याच्या यंत्राच्या बॅटऱ्या चार्ज व्हायला लावल्या होत्या, म्हणून तो जाळ्यांच्या शेडमध्ये आला. लांबच लांब पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना फाटकी जाळी टांगलेली आणि सुया घेऊन बसलेली दहा-बारा माणसं. ठमी पोस्ट बंद झालं की इथेच बसायची. शेडच्या मुकादम म्हणजे मावशी. कुणाची सख्खी मावशी नव्हे, सगळ्यांचीच.

"काय रे कानवाल्या," मावशी म्हणाल्या, "महिना होत आला, नुसता ऐकतोयस. तू सांग की एखादी."

"मला कुठे येतात गोष्टी?"

"सगळ्यांना येते एक तरी."

तो हसला, उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसला.  मग म्हणाला, "आमची आई फार बोलायची."

"हूं," ठमी म्हणाली. सुई जाळ्यात होती, मान खाली होती.

"उठल्यापासून. शेजारणीशी बोलायची, नळाशी बोलायची, दूध उतू गेलं की दुधाला बोलायची."

"हूं."

"मी बारा वर्षांचा असताना तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. ती वाचली. आवाज गेला."

"…हूं."

"मग ती पाटीवर लिहून बोलायला लागली. आणि दोन-तीन महिन्यांत एक भलतंच झालं. तिनं पाटीवर लिहून विचारलं, माझा आवाज कसा होता रे? मी सांगायला तोंड उघडलं आणि मला आठवेचना. बाबांना विचारलं. त्यांनाही आठवेना."

ठमीची सुई थांबली. हुंकार थांबला नाही.

"घरभर शोधला. लग्नाची कॅसेट होती, तिच्यात नुसता बँड. बारशाची होती, तिच्यात सगळं खानदान बोलतंय आणि आई आत स्वयंपाकघरात. वर्षभर शोधत होतो. शेवटी सापडला तो शेजारणीच्या टेलिफोनच्या यंत्रात. आईनं कधीतरी निरोप ठेवला होता. सात शब्द. 'अहो, बादली परत पाठवा. आणि घाई नाही.'"

"हूं."

"ते यंत्र मी मागून आणलं. आईसमोर ठेवलं आणि लावलं. तिनं ऐकलं. पुन्हा लाव म्हणाली खुणेनं. पुन्हा ऐकलं. मग पाटी घेतली, आणि मला वाटलं, आता ही रडणार. तिनं लिहिलं, 'बादली अजून आली नाही.'"

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कानवाला टोपलीवरून उठला. गोष्ट संपली होती.

"हूं," ठमी म्हणाली.

आणि शेडमधल्या सगळ्या सुया थांबल्या.

कानवाल्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळे ठमीकडे बघत होते. एकीच्या हातून दोऱ्याचा गुंडा पडला तो घरंगळत दारापर्यंत गेला, पण उचलायला कुणी उठेना. "काय झालं?" त्यानं विचारलं. कुणी सांगेना.

झालं होतं ते असं. बेटावर लग्नं जुळत ती अशीच. पोरानं चारचौघांत आपली गोष्ट सांगायची. पोरीनं मधेच हुंकार सोडला तर नकार. गोष्ट सरल्यावरचा शेवटचा हुंकारही दिला तर होकार. आणि मग तिचा हुंकार त्याचा. आधी कुणाशी बांधलेला असला, बापाशी, आजाशी, तो सुटला. हे बेटावर जन्मलेल्या कुणाला शिकवावं लागत नसे.

"सव्वीस," मावशी सावकाश म्हणाल्या. "मोजले मी."

ठमी उठली आणि तडक घरी गेली. बातमी तिच्या आधी पोचली होती. आजोबा ओसरीवर बसले होते, हातात काही काम नाही.

"चुकून झालं, आजोबा."

"चुकून एक होतो, ठमे. फार तर दोन."

ती खाली बघत उभी राहिली.

"असू दे," आजोबा म्हणाले. रागावले नव्हते, हेच तिला सहन होईना. "तो परका आहे, त्याला नियम लागू नाही म्हणू. उद्या सांगून बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र लागलं. आजीची पहिली गोष्ट. आजोबांनी घसा खाकरला. "राजाच्या होडीला तळ नव्हता," ते म्हणाले.

"हूं," ठमी म्हणाली.

आजोबांनी तोंड उघडलं. बाहेर काहीच आलं नाही. पुन्हा पहिली ओळ म्हटली. पुन्हा तिनं हुंकार दिला. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती आली. तिनं आजोबांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, वादळात छप्पर उडालं तेव्हासुद्धा.

"येत नाही," ते म्हणाले. "काल होती. समोर दिसतेय तशी होती. गेली."

दुपारी पुन्हा बसले. गुरुवारी सकाळी दुसरी गोष्ट काढली, मग तिसरी. तेच. ओळ यायची, हुंकार यायचा आणि पुढे भिंत. शेवटी आजोबांनी ठमीकडून वही मागून घेतली आणि तांबड्या शाईची दौतही आणायला सांगितली. ती हादरलीच. वही तिनं दिली. दौत सापडत नाही म्हणून खोटं सांगितलं, आणि पोस्टात जाऊन टेबलावर डोकं ठेवून रडली.

कानवाला तिथेच आला. मावशींनी त्याला सगळं सांगितलं होतं. तो दारातच उभा राहिला, झाडावरून पडल्यासारखा.

"मला माहीत नव्हतं, ठमी. शप्पथ."

"मला होतं ना," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"म्हणजे आपलं… बेटाच्या हिशोबानं… ठरलंय?"

"हसतोस काय?"

"हसत नाहीये. घाम फुटलाय मला, बघ." खरंच फुटला होता. "मावशी म्हणाल्या, यातून सुटायची वाट आहे. मी शेडमध्ये सगळ्यांसमोर म्हणायचं, ही गोष्ट माझी नव्हती, ऐकीव होती. मग तुझा हुंकार परत आजोबांचा. उद्या अकराच्या बोटीआधी म्हणतो. मी गेलो की आजोबांना आठवेल."

ठमीनं मान वर केली. "तुझी नव्हती म्हणशील? आई तुझी नव्हती म्हणशील?"

"सातच शब्द तर आहेत ते," तो म्हणाला. "तिकडे शेहेचाळीस गोष्टी आहेत." पण हे बोलताना त्याचा आवाज फाटला. ते दोघांनीही ऐकलं. तो वळला आणि भराभरा निघून गेला. नको म्हण, असं ठमीच्या ओठांवर आलं होतं. पण नको म्हटलं तर आजोबांच्या गोष्टी जाणार, आणि गप्प राहिलं तर हा जाणार. ती तशीच बसून राहिली.

शुक्रवारी दहाला शेड भरली. कधी नव्हे ते आजोबाही आले, वही काखेत मारून. मावशींनी त्यांना खुर्ची दिली. कानवाला मधे उभा राहिला. कानांवरचा टोप गळ्यात आला होता, यंत्र सवयीनं चालूच होतं, बॅग दारात तयार. ठमी जाळ्याच्या आड उभी होती. तिनं जाळं इतकं घट्ट धरलं होतं की दोऱ्याचे वळ तिच्या बोटांवर उठले.

"मंगळवारची गोष्ट," तो म्हणाला, "ती… माझी…"

"गप," आजोबा म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"ज्या शेडमध्ये माझा बाप गोष्टी सांगायचा, तिथे उभा राहून खोटं बोलतोस होय? पोराला आईचा आवाज नाकारायला लावून माझ्या गोष्टी जगवायच्या? तसल्या गोष्टी नकोत मला. मारा रेघ." त्यांनी वही मावशींच्या मांडीवर ठेवली. मग उगाचच, जणू त्या गोष्टीचा निरोप घ्यावा तसे पुटपुटले, "राजाच्या होडीला तळ नव्हता…"

आणि थांबले. चौऱ्याऐंशी वर्षांची सवय. वाक्य झालं की थांबायचं.

शेडमध्ये चिडीचूप. प्रत्येकाचा हुंकार कुठे ना कुठे बांधलेला. मावशींचा नवऱ्याशी, कुणाचा बहिणीशी. ठमीनं ओठ दातांत धरले. तिच्या हुंकाराचा उपयोग नाही हे दोन दिवसांत कळून चुकलं होतं. बाहेर बोटीचा भोंगा झाला, पहिला.

"हूं."

हे कोण म्हणालं ते कुणाच्या लक्षातच येईना. कारण तो आवाज बेटाचा नव्हता. कानवाल्यानं गळ्यातला टोप काढून खाली ठेवला होता, आणि चालू यंत्रासमोर, स्वतःच्या तोंडानं, तो दुसऱ्यांदा म्हणाला, "हूं."

आजोबा त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांचे ओठ हलले. "…म्हणून तो राजा," ते म्हणाले, "पाण्याच्या मापाचा होता."

"हूं."

"अरे, इतकी घाई नको. वाक्य खाली बसू दे."

"हूं," तो जरा थांबून म्हणाला.

मग गोष्ट निघाली. तळ नसलेल्या होडीतून राजा सात बंदरं फिरला आणि प्रत्येक बंदरात त्याला विचारलं, तू बुडत कसा नाहीस. ठमीनं जाळं जरा बाजूला केलं. ही गोष्ट तिची आजी गेल्यापासून कुणी ऐकली नव्हती. मधे एकदा आजोबा अडले. पाचव्या बंदरात अडले, डोळ्यांत पुन्हा तीच भीती. कानवाल्यानं काही विचारलं नाही, सुचवलं नाही. नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "हूं." आणि सहावं बंदर आलं.

बोटीचा दुसरा भोंगा झाला. टपालाची थैली शेडच्या दारात तशीच पडून होती. सात वर्षांत ठमीनं एकदाही बोट चुकवली नव्हती. आज तिचा पाय निघेना.

आजोबांनी शेवटचं वाक्य सांगितलं आणि हात वर केला. "थांब. आताचा हुंकार दिलास तर अडकलास, पोरा. तू माझा हुंकार होशील. शेहेचाळीसातली ही एक झाली. बाकीच्या काही मी या महिन्यात सांगणार नाही, सावकाश सांगणार आहे. तुझी कचेरी असल्या टेपा घेणार नाही. नोकरी जाईल. विचार कर."

तिसरा भोंगा झाला. कानवाल्यानं दाराकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. मग जाळ्यातून दिसणाऱ्या ठमीच्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघितलं.

"हूं," तो म्हणाला.

मावशी मटकन खालीच बसल्या. "आता काय बोलायचं?" त्या म्हणाल्या. "पोरगी याची, हा म्हाताऱ्याचा. असं या बेटावर कधी झालं नाही." आजोबा मात्र हसत होते. तीन दिवसांनी प्रथमच हसत होते, आणि मावशींच्या मांडीवरची वही परत काखेत मारत होते.

ठमी धावत जेटीवर गेली तेव्हा बोट बरीच लांब गेली होती. मागोमाग कानवाला आला, थैली खांद्यावर टाकून.

"टपाल राहिलं तुझं."

"मंगळवारी जाईल," ती म्हणाली. मग एकदम, पाण्याकडे बघत, "मला तुला एक सांगायचंय. ऐकून निघून जावंसं वाटलं तरी मंगळवारपर्यंत जाता येणार नाही, म्हणून आत्ताच सांगते."

"सांग."

"ते सव्वीस. पहिले सहा चुकून गेले. खरंच. तू आईचं बोलायला लागलास आणि तोंडातून गेले."

"आणि सातवा?"

"सातव्याला कळलं. मग मी ठरवून दिले. शेवटचा तर अगदी जाणूनबुजून."  "तेव्हा मला आजोबा आठवले नाहीत रे. एकदाही नाही. तू संपवून उठलास, आणि मला एवढंच दिसलं की तू महिना संपला की जाणार. मला तू हवा होतास. म्हणून दिला."

कानवाल्याच्या खांद्यावरची थैली घसरून खाली आली. एवढा आवाजांचा जाणकार, अकरा हुंकार वेगळे काढणारा, आणि हेच त्याला ऐकू आलं नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे टकामका बघत राहिला.

"आजोबांना… हे माहीत आहे?"

"त्यांना त्याच दिवशी कळलं. मावशींना तर सातव्यालाच. शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना?"

"तुला सोडून."

"मला नोकरी गेल्याचं काही वाटलं नाही," तो हळूहळू म्हणाला. "मला वाटत होतं, तू अडकलीस बिचारी माझ्या मूर्खपणानं. मी राहिलो ते… निदान आजोबांचं तरी भरून काढावं म्हणून. आणि तू समोर राहशील म्हणून. तू बोलली नसतीस तरी चाललं असतं मला."

आता थक्क व्हायची पाळी ठमीची होती. कारण भर दुपारी, उघड्या जेटीवर, शेडच्या दारात गर्दी करून उभ्या असलेल्या मावशींसकट सगळ्यांच्या देखत, त्यानं तिचा हात हातात घेतला आणि कुणी खाकरलं, कुणी हसलं, तरी सोडला नाही.